कृपया कुकर रिकामे आणावेत

दुरुस्तीला कुकर आला की मी आधी शिट्टी बघत नाही, रबर बघत नाही. झाकण किंचित उचलतो आणि वास घेतो. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, हा कुकरचा वैद्य असावा, वासावरून रोग ओळखतो. तसं काही नाही. आत काय आहे ते आधी कळलेलं बरं, एवढंच. आत काहीही असू शकतं. आमसुलं असतात, ओल्या काजूचे गर असतात, फणसाचे तळलेले गरे असतात, गणपतीच्या दिवसांत मोदक असतात. एकदा जिवंत खेकडे होते. तेव्हापासून झाकण किंचितच उचलतो.

बाहेरगावच्या वाचकांना हे चमत्कारिक वाटेल. शेजारणीकडून वाटीभर भाजी आली तर वाटी रिकामी परत करायची नाही, चिमूटभर साखर तरी तिच्यात घालायची, ही रीत घराघरांत आहे. रत्नागिरीत आहे तशी आमच्या लातूरकडेही आहे. पण ती घरांमधली रीत. दुकानात ती कुठे पाळत नाहीत. आमच्या भांड्यांच्या दुकानात पाळतात, आणि तिथे ती माझ्या हातून शिरली. तिच्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली होती. ते सांगायलाच हा लेख लिहायला बसलो आहे. लिहायची सवय नाही, सातवीतून शाळा सोडली. चूकभूल द्यावी-घ्यावी.

माझं नाव बालाजी. गाव औशाच्या पुढे, आडबाजूला. आमच्याकडची एक टोळी रस्त्याच्या कामावर रत्नागिरीला निघाली होती, तिच्यात मीही शिरलो. निघताना आईनं पितळी डबा भरून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. डबा तिच्या माहेरचा. ‘खाऊन झालं की कुणाजवळ तरी लावून दे,’ म्हणाली. आंबा घाट उतरायच्या आत चटणी संपली. पुढे काम संपलं, टोळी परत गेली, मी राहिलो आणि डबाही राहिला. कारण लावून द्यायचा तर रिकामा कसा द्यायचा, आणि भरायला माझ्याकडे काही नव्हतं. नंतर भरायला होतं, पण वाटायचं, डबा इतक्या वर्षांनी जातोय तर त्यात काही तोलामोलाचं हवं. असं करता करता तो दुकानाच्या माळ्यावरच राहिला. मी गावी जातो, आईला लुगडी नेतो, गुडघ्याचं तेल नेतो. ती पिशवीत हात घालून तळापर्यंत चाचपते आणि विचारते, ‘डबा?’

मी स्वभावानं भित्रा आहे. आज आपल्याला काढणार, असं मला रोज सकाळी शटर वर करताना वाटतं. मालक दत्ताशेठ शिंकले तरी वाटतं, आता काहीतरी बोलणार. खरं तर शेठनी मला ठेवून घेतलं तेव्हा कागद मागितला नाही, गाव विचारलं नाही. ‘पाना धरता येतो काय?’ एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. येत नव्हता. ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं, आणि त्यांनी माझ्या हातातला पाना सरळ करून दिला, बस्स. माळ्यावर झोपायला जागा दिली. ह्या माणसाचे उपकार कसे फेडायचे, ह्याचीच मला काळजी असते. आणि फेडायच्या आत काढून टाकलं तर काय, ही दुसरी.

दुरुस्तीचं काम सांगायचं तर सोपं आहे. कुकर म्हणजे वाफेला कोंडून ठेवायची जागा. वाफ भलतीकडून गेली तर रबर सैल, शिट्टीतून गेलीच नाही तर शिट्टीत भाताची पेज अडकलेली, आणि कुठूनच गेली नाही तर आपण लांब उभं राहायचं. बाकाशेजारी एक शेगडी आहे. दुरुस्त केलेल्या कुकरात पाणी घालून तिच्यावर ठेवायचा आणि शिट्टीची वाट बघायची. हे काम करणाऱ्याला घाई असून चालत नाही आणि भीती नसून चालत नाही. भीतीच्या बाबतीत मी ह्या धंद्यासाठीच जन्मलो असं शेठ म्हणतात.

शेठची विकायची पद्धत वेगळी. एक बाई चकचकीत कढई हातात घेऊन आल्या. शेठ म्हणाले, “ती नको नेऊ गो. हिचा कान दिवाळीच्या आत निघणार.”

“मग विकायला कशास ठेवलीत?”

“मी चुकून घेतली. आता तू चुकू नको.”

“मग कोणाला देणार ही?”

“कान नको असलेलं कोण आलं तर.”

तसं कोणी आलं नाही. कढई अजून आहे. त्या बाई मात्र लेकीच्या लग्नाची सगळी भांडी आमच्याकडून घेऊन गेल्या. आमसुलाचं सार करणाऱ्या घराला शेठ अॅल्युमिनियमचं पातेलं देत नाहीत, कारण आंबट त्या धातूला खातं. कोकणात आमसुलाचं सार न करणारं घर नाही. त्यामुळे आमच्याकडचं अॅल्युमिनियम कसं खपतं, हे मला आजवर समजलेलं नाही.

एकदा एक गृहस्थ आले. आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, “बिनशिट्टीचा कुकर आहे काय?” श्रावण चालू होता. त्यांच्या इमारतीत सगळे श्रावण पाळणारे, आणि ह्यांना मटणावाचून राहवेना. वरच्या मजल्यावरच्या वहिनी शिट्ट्या मोजतात, म्हणाले. डाळीला किती आणि मटणाला किती, सगळं त्यांना पाठ. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं. “शिट्टी मी गप करीन हो. वासाचं काय करू?” गृहस्थ विचारात पडले. शेठनी त्यांना काहीही विकलं नाही, पुढ्यात स्टूल ठेवलं आणि पाणी दिलं. दुसऱ्या आठवड्यात शिट्ट्या मोजणाऱ्या त्या वहिनीच कुकर घ्यायला आल्या. ह्या दुकानात माणसाला खरं सांगतात, असं त्यांना खालच्या मजल्यावरून कळलं होतं.

आणखी एक. देवाचं कार्य असो नाहीतर मयत, वाडीतल्या कोणालाही दुकानातले मोठाले टोप फुकट मिळतात. कार्याचा टोप परत येताना तळाशी थोडा प्रसाद असतो. मयताच्या घरचा टोप मात्र रिकामा येतो. सुतकातल्या घरातून भरलेलं भांडं बाहेर जात नाही आणि त्या घराकडून कोणी तशी अपेक्षाही ठेवत नाही. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही म्हणून पुढचं घडलं.

तर, यशोदाकाकू. मासळीबाजारात टोपली घेऊन बसतात. आवाज असा की बोटीवरच्या माणसाला किनाऱ्यावरून भाव कळतो. त्यांच्या लग्नातला कुकर दुरुस्तीला आला होता. मी नवा रबर घातला, कुकर पुसला आणि परत देताना आत मूठभर साखर घातली. मुद्दाम काही केलं नाही. आई भांडं देताना घालायची, माझाही हात तसाच गेला.

शेठनी बघितलं. “काय घातलंस त्यात?”

“साखर.”

“कशास?”

“रिकामं कसं द्यायचं?”

शेठ रस्त्यानं जाणाऱ्या काकूंच्या पाठीकडे बघत राहिले. “अरे मेल्या, ती कोण हाय तुला माहीत नाय. ती आता गप बसणार नाय.”

काकू आल्या. तोच कुकर, आत सुकट.

“काय बिघडलं काकू?”

“काय नाय. कर दुरुस्त.”

मी कुकर घासला, परत देताना अर्धा नारळ घातला. काकू पुन्हा आल्या, आत काजू. मी गूळ घातला. काकू पुन्हा आल्या. तो कुकर इतका चांगला चालतो की त्याच्यासारखा कुकर अख्ख्या रत्नागिरीत नसेल, आणि दुरुस्तीलाही तेवढा कोणाचा आलेला नसेल. ही गोष्ट मासळीबाजारातून आळीत आणि आळीतून गावात गेली. देवरूखहून माणसं एसटीनं कुकर घेऊन यायला लागली, आत फणसाच्या शिजवलेल्या आठळ्या. शेठच्या घरचा बाजारहाट जवळजवळ थांबला. शेठ फक्त म्हणायचे, “बालाजी, आज जेवायला काय बिघडलंय ते बघ.”

त्याच सुमारास साळवी स्टॉपकडे भांड्यांचं मोठं दुकान झालं. आत गारवा, ढकलायची गाडी, प्रत्येक खरेदीवर चमचा फुकट. मला झोप लागेना. आमची काही गिऱ्हाइकं गेलीदेखील. पण परत आली. एक बाई सांगत होत्या, “तिथे कुकर बदलून घ्यायला गेले. त्या मुलीनं झाकण उघडलं, आतली आमसुलं पिशवीत घातली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, मॅडम, तुमचं सामान राहिलंय.” सांगताना त्यांना गहिवरून आलं. शेठनी त्यांना स्टूल दिलं.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि मग ते पार्सल झालं.

आम्ही एका कुकर कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र आहोत, तसा निळा बोर्ड दारावर आहे. वॉरंटीतला बिघाड आमच्याकडून निघाला नाही तर कुकर गिऱ्हाइकासमोर सील करून पुण्याच्या डेपोत पाठवायचा. हेदवीहून एक काका कुकर घेऊन आले. बूड फुगलेलं बाहेरूनच दिसत होतं, ते काम आमच्या हातचं नव्हतं. त्या दिवशी मला सर्दी होती. वास घेतला, पण आला नाही, आणि झाकण पुरतं उचलून आत बघायचं सर्दीच्या नादात राहून गेलं. मे महिना, त्यात डेपोला जोडून सुट्ट्या. मग पुण्याहून फोन आला. त्यांना अख्खा मजला रिकामा करावा लागला होता.

“आत काय होतं साहेब?” मी विचारलं.

“काय होतं ते आता सांगता येण्यासारखं राहिलेलं नाही.”

मी हेदवीला फोन लावला. काका म्हणाले, “बांगडे. कैरी घालून. पुण्याच्या माणसांना ताजी मासळी कुठली मिळायला? म्हटलं, आपल्या कुकरबरोबर जातील.”

कंपनीनं कळवलं की एरिया मॅनेजर माने साहेब येऊन पाहणी करतील आणि बोर्ड ठेवायचा की काढायचा ते ठरवतील. शेठचा मुलगा मिलिंद ठाण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, “बाबा, तुमचे गुडघे गेलेत. बोर्ड गेला तर दुकान मोबाईलवाल्याला भाड्यानं द्यायचं. ठरलं?” शेठ गुडघ्यावरून हात फिरवत ‘ठरलं’ म्हणाले. मी बाकावर बसून ऐकत होतो. बोर्ड गेला की दुकान जाणार, दुकान गेलं की बाक जाणार आणि बाकामागून मी. माळ्यावरचं बिऱ्हाड किती पिशव्यांत मावेल, ह्याचा मी तिथेच अंदाज घेतला.

साहेब यायच्या आधी कुकर रिकामे यायला हवेत, म्हणून शेठनी मला पुठ्ठ्यावर एक ओळ लिहायला सांगितली: ‘कृपया कुकर रिकामे आणावेत.’ मी लिहिली. मग मला काळजी वाटली की लोक दुखावतील. आपण आणायचं नाही आणि दुकान मात्र साखर घालून देणार, म्हणजे त्यांना ओझं होईल. म्हणून त्यांच्या सोयीसाठी मी खाली माझ्या मनानं दुसरी ओळ घातली: ‘रिकामेच परत मिळतील.’ आणि पुठ्ठा दारात लावला.

त्याच संध्याकाळी शेगडीवरच्या कुकराचा वास घ्यायला वाकलो तर केसांनी पेट घेतला. शेठनी डोक्यावर ओलं फडकं टाकलं. अर्धे केस गेले होते. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं डोकं इकडून तिकडून फिरवून बघितलं आणि म्हणाला, “हे सारखं होणार नाय. सगळंच काढतो.”

दुसऱ्या दिवशी माने साहेब येणार होते. मी शटर वर केलं आणि बाकावर बसलो. भीतीनं तोंड उतरलेलं होतंच. यशोदाकाकू आल्या, पायरीखालीच थांबल्या. पुठ्ठा वाचला. माझ्या डोक्याकडे बघितलं. मग पदर डोक्यावरून घेतला आणि आवाज असा खाली आणला की त्यांच्याकडे तसला आवाज आहे हे मला प्रथमच कळलं.

“कधी रे?”

“काय कधी, काकू?”

“बोलू नको. बस तू.” आणि गेल्या.

थोड्या वेळानं त्या टोप घेऊन परत आल्या, डोळे रडून लाल. पिठलं-भात. त्यांच्यामागून आणखी बायका, प्रत्येकीच्या हातात भांडं, प्रत्येकीचं पिठलं-भात. सुतकातल्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात आणतात, हे मलाही ठाऊक आहे. पण घर कोणाचं आणि सुतक कोणाचं, हे मला कळेना. शेठ घरून यायचे होते. शिट्टीवाले गृहस्थ आले, त्यांनी समोरच्या दुकानातून खुर्च्या आणवून रस्त्याकडेला मांडल्या. लोक येऊन गप्प बसायला लागले. कोणी तांदूळ आणले, कोणी आमसुलं, कोणी आंबापोळी. “तेराव्याला गावी जाशील, तेव्हा ने,” असं म्हणून प्रत्येकानं ते माझ्या बाकावर ठेवलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. रिकामं आणा आणि रिकामंच न्या, हे कोणाच्या घरी असतं? आणि डोक्याचं मुंडण कोण करतो? माझे वडील मी लहान असतानाच गेले, हे सगळ्यांना माहीत. म्हणजे राहिलं कोण?

“अहो, कोणी गेलेलं नाही,” मी म्हणालो.

शिट्टीवाल्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “पहिल्यांदा असंच वाटतं. माझे वडील गेले तेव्हा मीपण दोन दिवस हेच म्हणत होतो.”

“पण आई बरी आहे माझी.”

“आता बरीच आहे रे ती. सुटली.”

माझा स्वभाव सांगितलाच आहे. एवढी माणसं एवढ्या खात्रीनं सांगतायत, तर त्यांना काही कळलं असेल काय? गावाकडचा फोन मला घाबरवायचा नाही म्हणून शेठकडे गेला असेल काय? आईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. उचलला नाही. मागे कोणीतरी हुंदका दिला, आणि मला वाटतं तो माझाच होता. तिसऱ्यांदा आईनं उचलला.

“आई, बरी हायस का?”

“मला काय धाड भरली? शेळी सोडायले होते. का रं, रडायलास का?”

“नाही.”

“डबा आणायलास का?”

“आई, मी रत्नागिरीतच हाय.”

“मग फोन कामून केलास?” आणि ठेवून दिला.

मी फोन छातीशी धरून हमसून हमसून रडलो. त्यामुळे ज्या दोघा-तिघांना अजून शंका होती, तीही फिटली.

नेमके तेव्हाच माने साहेब गाडीतून उतरले. त्यांनी खुर्च्यांवर गप्प बसलेली माणसं बघितली, माझं डोकं बघितलं, माझे डोळे बघितले. बूट पायरीखाली काढले, हात जोडले आणि एका खुर्चीच्या टोकावर बसले. कोणीतरी त्यांच्या हातात पिठलं-भाताची ताटली दिली. पुण्याहून पहाटेच निघालेला माणूस, त्यांनी खाल्लं. शेठ आले तसे साहेब त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, “मी चुकीच्या दिवशी आलो. बोर्डाचा विषय आज नकोच. मी वर सांगतो की सगळं ठीक आहे. तुम्ही हे उरकून घ्या.”

मी ऐकलं. देवाशपथ सांगतो, मला वाटलं की शेठनी आता फक्त मान हलवावी. एक शब्दही खोटा बोलायला नको होता. नुसतं गप्प राहिलं असतं तर बोर्ड राहत होता, बाक राहत होता, मी राहत होतो. मी शेठकडे बघितलं. शेठनी पुठ्ठा वाचला, ओळीनं मांडलेली पिठलं-भाताची भांडी बघितली, आणि माझ्याकडे बघितलं. कढईच्या कानाचं सांगताना त्यांचा चेहरा जसा असतो, तसा झाला.

“साहेब, कोण मेलेलं नाय,” ते म्हणाले.

यशोदाकाकूंनी पदर खाली घेतला आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. “मग हा रडतोय कशास?”

“आई जिवंत आहे म्हणून,” मी म्हणालो.

पुढे काही वेळ सगळे एकदम बोलत होते. मुख्य मुद्दा असा होता की मग असला पुठ्ठा शहाण्या माणसानं दारात लावावा काय. साहेब ताटली हातात धरून मध्ये उभे. शेठनी त्यांना साखरेपासून बांगड्यांपर्यंत सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “बोर्ड काढायचा तर काढा साहेब. आमच्या चुकीवर काढा. पण खोट्या मयतावर ठेवलेला नको.”

माने साहेबांनी पिशवीतून एक कागद काढला. “एक सांगा. ह्या केंद्रात एकाच बाईंचा कुकर वर्षभर दुरुस्तीला येतोय, असं आमच्या कानावर आलं. आम्हाला वाटलं, खोटी बिलं लावणार. पण कंपनीकडे त्याचं एकही बिल नाही. हा काय प्रकार आहे?”

“तो माझा कुकर,” काकू म्हणाल्या.

“काय होतं त्याला?”

“त्यास काय होणार? मस्त हाय.”

“मग आणता कशाला?”

काकूंनी साहेबांकडे कीव आल्यासारखं बघितलं. “दुकानात रिकाम्या हातानं कसं येणार?”

साहेबांनी पुढे विचारलं की साळवी स्टॉपला भांडी स्वस्त मिळतात, मग एवढे लोक इथेच का येतात. कंपनीला हे कळून घ्यायचं होतं. एक जण म्हणाला, चांगलं आहे म्हणून. दुसरा म्हणाला, जवळ आहे म्हणून. तो देवरूखचा होता. शिट्टीवाले गृहस्थ म्हणाले, “इथे मला एकदा काही विकलं नाही.” साहेबांनी ते लिहून घेतलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं. यशोदाकाकू म्हणाल्या, “आता ह्याची आई मेली असं वाटलं, तर आम्ही सगळी हयच आलो ना? त्या गारव्यातल्या दुकानात कोण मेला तर आम्हाला कळणार तरी काय?”

साहेबांनी ताटली खाली ठेवली आणि कागद घडी करून खिशात घातला. बोर्ड राहिला. अट एकच घातली. डेपोला जाणाऱ्या प्रत्येक पार्सलचा वास तंत्रज्ञ माणसानं स्वतः घ्यायचा आणि तसं लिहून सही करायची. तंत्रज्ञ म्हणजे मी. मी लगेच सर्दीचं विचारलं. साहेब म्हणाले, सर्दी असेल तर शेठनी घ्यावा. जाताना काकूंनी त्यांच्या डिकीत फणस ठेवला. पुठ्ठा शेठनी स्वतः काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर कढई ठेवली, ती बिनखपाची.

बाकावर मात्र सगळा ढीग तसाच. पिठलं-भात आम्ही सगळ्यांनी मिळून तिथेच संपवला. तांदूळ, आमसुलं, आंबापोळ्या मी ज्याच्या त्याला परत द्यायला निघालो, तर कोणी हात लावेना. काकू म्हणाल्या, “तुझ्या आईच्या नावानं काढलंय. ता आता परत घरात घेत नाय.”

“पण ती जिवंत आहे.”

“मग ता तिचा प्रश्न.”

शेठनी चष्मा काढून पुसला. “जिचं हाय तिला नेऊन दे. चार दिवस जा. बाक हयच हाय.”

माळ्यावरून डबा खाली काढला. काळा पडला होता. आमसुलाच्या पाण्यानं घासला, लखलखीत झाला. तळाशी काजू, वर आमसुलं, सगळ्यात वर आंबापोळ्यांच्या घड्या. झाकण बसेना. तांदूळ वेगळ्या पिशवीत घेतले. कोल्हापूरला गाडी बदलली, सोलापूरला बदलली, डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

आई ओट्यावर बसली होती. तिनं पिशवीत हात घातला, आणि तो मध्येच थांबला. डबा बाहेर काढून आधी बुडाखाली माहेरच्या नावावर बोट फिरवलं, मग झाकण उघडलं.

“कुणी दिलं एवढं?”

मी सगळं सांगितलं. ती आंबापोळी तोडून खात ऐकत होती.

“म्हंजी मी मेले म्हणून दिलं?”

“हो.”

“रडलं का कुणी?”

“यशोदाकाकू रडल्या.”

“ना वळख ना पाळख,” आई म्हणाली. अजून एक तुकडा तोडला. “चांगली मानसं हाईत. मरायचं तर तिकडंच यावं लागंल.”

निघताना तिनं डबा परत माझ्या हातात दिला. आत शेंगदाण्याची चटणी, गच्च. “त्या बाईला दे. आन् डबा माघारी आण.”

चटणी यशोदाकाकूंनी मासळीबाजारात सगळ्यांना बोटबोट वाटली. आता डबा त्यांच्याकडे आहे. शिट्ट्यांच्या आवाजानं मला हल्ली कमी ऐकू येतं, कल्हई करणारं आळीत कोणी राहिलं नाही, आणि तव्यांवर काळा मुलामा आल्यापासून दुरुस्तीला तवे येत नाहीत, नुसते फेकले जातात. त्याचं वाईट वाटतं. पण सध्या मोठी काळजी डब्याची आहे. बाजारात गेलो की मी विचारतो, “काकू, डबा?”

“थांब रे जरा,” त्या म्हणतात. “तुझ्या आईस असंतसं काय घालून पाठवू काय?” सुरमई सुकवून पाठवावी असं त्यांच्या मनात होतं, पण आई खात नाही. मग काजू, तर काजू एकदा गेले. अशी बरीच चर्चा आहे, आळीतली माणसंही सुचवतात, आणि डबा फळीवर आहे.

परवा आईचा फोन आला तेव्हा मी सांगून टाकलं, डब्याला वेळ लागेल.

“लागू दे,” ती म्हणाली. “तवर मी हाय.”